बोर्डाचं नंतर बघू

मुलांना घरीच शिकवायचं ठरवलेल्या पालकांचा फोन आला की पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "तुम्ही कोणता अभ्यासक्रम घेतलाय?" मूल सहावी-सातवीच्या वयाचं असतं, शाळा नुकतीच सोडलेली असते आणि काहीतरी राहून जाईल ही धास्ती घरात मुक्कामाला आलेली असते. म्हणून कुणीतरी आखून दिलेलं, वर्षभराचं वेळापत्रक असलेलं, शेवटी प्रमाणपत्र हातात ठेवणारं काहीतरी हवं असतं. ही धास्ती मी जवळून पाहिली आहे आणि ती खोटी नाही. तरीही माझं उत्तर ठाम आहे. अकरा ते चौदा या वयात बोर्ड निवडू नका. त्या वर्षांत मुलाला काय शिकायचंय ते निवडा. बोर्ड हे फाटक आहे आणि दहावीचं फाटक बहुतेक ठिकाणी चौदाव्या वर्षाआधी उघडतही नाही.

एनआयओएसच्या, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, दहावीला बसायला चौदा वर्षं पूर्ण असावी लागतात. त्याआधीची तीन वर्षं मोकळी असतात. शाळेत जाणाऱ्या मुलाला हा मोकळेपणा कधीच मिळत नाही, आणि आपल्याला मिळालेला असताना आपण तो पहिल्याच महिन्यात कुणाच्या तरी तयार पेटीत बंद करून टाकतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कायद्याचं आधी सांगून टाकते, कारण तोही प्रश्न येतोच. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, असं त्याच्या कलम १० मध्ये लिहिलं आहे. पालकांना शिक्षेची तरतूद मात्र त्यात नाही. होमस्कूलिंगला कायदा नावानिशी परवानगी देत नाही आणि नावानिशी बंदीही घालत नाही. त्याच कायद्याच्या कलम ४ चा आधार मला मोठा वाटतो. मुलाला शाळेत परत जावंसं वाटलं, तर वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळण्याची सोय त्यात आहे. परतीची वाट उघडी आहे हे माहीत असलं की घरातला अभ्यास निवांत होतो.

आता तयार पेट्यांविषयी. अमेरिकेत होमस्कूलिंगचा मोठा बाजार आहे. सहावीची पेटी, सातवीची पेटी, प्रत्येकीत पुस्तकं, कृतिपत्रिका, उत्तरसूची, रोजचा धडा. आपल्याकडेही पुष्कळ जण त्या मागवतात किंवा त्यांची ऑनलाइन वर्गणी भरतात. एका ओळखीच्या घरी मी अशी गणिताची वही चाळत होते. उदाहरणांत क्वार्टर आणि डाइम ही अमेरिकी नाणी मोजायची होती, लांबी मैलात, वजन औंसात, तापमान फॅरनहाइटमध्ये. साताऱ्यातला मुलगा आधी ते सगळं मनात रुपये-किलोमीटरमध्ये आणायचा आणि मग बेरीज करायचा. बेरीज त्याला येत होती, दमायचा तो भाषांतराने. इतिहासाच्या वहीत तर अमेरिकेच्या तेरा वसाहती होत्या आणि दख्खनचा पत्ता नव्हता. ती वही ज्या मुलासाठी लिहिली त्याच्यासाठी चांगलीच असणार. आपल्या मुलासाठी ती लिहिलेली नाही, एवढंच.

बाहेरचं काही घेऊच नये असं मला म्हणायचं नाही. खान अकॅडमीवरचं गणित आमच्या घरात रोज चालतं. न समजलेला भाग दहादा थांबवून पाहता येतो आणि कुणी "एवढं पण येत नाही?" असं म्हणत नाही. विज्ञानासाठी आम्ही अरविंद गुप्तांच्या टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या खेळण्यांवर पोसलो. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण केंद्रातून त्यांनी जे काम केलं आणि त्यांच्या संकेतस्थळावर जी पुस्तकं, तेही मराठीत, फुकट ठेवली, त्याचे उपकार आमच्यासारख्या घरांवर फार आहेत. बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. एनसीईआरटीचीही मिळतात, आणि २०२४ मध्ये आलेली त्यांची सहावीची नवी पुस्तकं मला आवडली, विशेषतः गणिताचं. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन वाचता येतात. मराठी विश्वकोश आहे. म्हणजे सामग्रीची टंचाई कधीच नव्हती. मुलाला कोणत्या प्रश्नाने पछाडलंय हे ओळखून त्यातलं काय उचलायचं, हे ठरवणं अवघड असतं आणि ते काम कुठलीही पेटी करून देत नाही.

आमच्या लेकीला बाराव्या वर्षी एका विहिरीने पछाडलं. साताऱ्याजवळ लिंब गावची बारा मोटेची विहीर. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधली. बांधकामाचा काळ १७१९ ते १७२४ असा सांगतात. अष्टकोनी विहीर, आतच छोटासा महाल, वर मोटांच्या, म्हणजे बैलांनी पाणी ओढायच्या चामडी पिशव्यांच्या, जागा. आमराईला पाणी द्यायला ती बांधली म्हणतात. व्यास ५० फूट आणि खोली ११० फूट, हे आकडे सगळीकडे वाचायला मिळतात. घरी आल्यावर लेकीने विचारलं, "आई, काठोकाठ भरली तर पाणी किती मावेल?"

गोल धरून पहिलं उत्तर निघालं. त्रिज्या २५, क्षेत्रफळ सुमारे १,९६३ चौरस फूट, गुणिले ११०. झालं, असं मला वाटलं. तिला वाटलं नाही. विहीर गोल नाहीच, अष्टकोनी आहे, हे तिचं म्हणणं. मग कागदावर अष्टकोन आला आणि केंद्रापासून कोपऱ्यांपर्यंत रेघा मारून आठ त्रिकोण झाले. प्रत्येकाच्या दोन बाजू २५ फूट आणि मधला कोन ४५ अंश. त्रिकोणमिती तिला येत नव्हती. तिने एका कोपऱ्यातून समोरच्या बाजूवर लंब टाकला, तर दोन्ही बाजू सारख्या असलेला काटकोन त्रिकोण मिळाला, कर्ण २५. पायथागोरसने लंब निघाला १७.७ फुटांच्या आसपास. एका त्रिकोणाचं क्षेत्रफळ २२१, आठांचं १,७६८. गोलापेक्षा जवळजवळ १९५ चौरस फूट कमी. ११० फूट खोलीला गुणलं आणि एका घनफुटात २८.३ लिटर धरले, तर फरक सहा लाख लिटरचा! तेवढ्यावरही ती थांबेना. ५० फूट म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत की भिंतीपासून भिंतीपर्यंत? भिंतीपासून भिंत धरली तर क्षेत्रफळ २,०७१ होतं, म्हणजे गोलापेक्षाही जास्त. "कुणी लिहिलंच नाहीये कुठून मोजलं ते," ती चिडून म्हणाली. मग पुढच्या खेपेला लांब टेप घेऊन जायचं ठरलं.

त्या विहिरीतून किती काय निघालं. इसवीसनातून ७८ वजा करून शक काढणं. १७१९ मध्येच बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतला, म्हणजे विहिरीचा पहिला दगड आणि त्या सनदा एकाच सालातल्या, हे तिला स्वतःला सापडलं तेव्हा ती स्वयंपाकघरात ओरडत आली. मोट ओढायला बैल उतारावरून का चालवतात, चाकाने जोर वाचतो की फक्त दिशा बदलते, काळ्या पाषाणात पाणी कुठून झिरपतं. आजोबांनी लहानपणी मोट चालताना पाहिलेली. त्यांनी नाडा, सोंड, धाव हे शब्द दिले आणि तिने त्यांची मुलाखत वहीत उतरवली. वर्गवार पाहायला गेलं तर यात सातवीचं, नववीचं आणि काही अकरावीचंही होतं.

सगळं असंच मनाच्या ओढीने होतं असं मात्र समजू नका. गणित रोज, क्रमाने, ओढ असो वा नसो, हा आमच्या घरचा नियम आहे आणि मी तो कुणालाही सांगते. इतिहासाचं एखादं शतक मागेपुढे झालं तर बिघडत नाही. अपूर्णांक कच्चे राहिले तर गुणोत्तर-प्रमाण कच्चं राहतं, ते कच्चं तर बीजगणितात मूल अडखळतं आणि मग पंधराव्या वर्षी ते म्हणतं की मला गणित आवडत नाही. पुष्कळदा त्याला गणित नावडत नसतं, मधली एक पायरी हललेली असते. सहावी ते आठवीच्या वयात घरी एकच विषय शिस्तीने करायची ताकद असेल, तर ती गणितावर घाला.

आणि दुसरा हट्ट मराठीचा. घरी शिकणाऱ्या मुलांचं बरंचसं साहित्य इंग्रजीत असतं, व्हिडिओ इंग्रजीत, ऑनलाइन वर्ग इंग्रजीत. मूल घरात मराठी बोलतं म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण दोन पानांचा सलग मजकूर मराठीत लिहायला सांगा, म्हणजे कळतं. आमच्याकडे मराठीचं पुस्तक लागलेलं नाही, लिहायचं मात्र दर आठवड्याला असतं. कधी मुलाखत, कधी सहलीची हकिकत, कधी विश्वकोशातल्या नोंदीचा स्वतःच्या शब्दांत गोषवारा. ज्या भाषेत आजोबांनी मोट समजावली त्या भाषेत विचार मांडता आला नाही, तर ते शिक्षण मला अर्धं वाटतं.

चौदावं वर्ष जवळ आलं तशी सासूबाईंनी विचारणा सुरू केली. "सूनबाई, विहिरी झाल्या, आता दहावीचं काय?" त्यांचा प्रश्न रास्त होता. मग मात्र आम्ही फाटकांची नीट चौकशी केली.

राज्य मंडळाच्या दहावीला खासगी विद्यार्थी म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरून बसता येतं. शाळा सोडल्याचा दाखला लागतो आणि विषयांची मांडणी मंडळाची. केंब्रिजच्या आयजीसीएसई या दहावीच्या तोडीच्या परीक्षेत विषय सुटे घेता येतात, भौतिकशास्त्राला प्रयोगशाळेऐवजी प्रयोगांवरचा लेखी पेपर देता येतो, पण खासगी विद्यार्थ्याला बसू देणारं केंद्र शोधावं लागतं आणि खर्च एनआयओएसच्या कितीतरी पट. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळही आहे, पाचवी, आठवीच्या परीक्षा घेणारं. आम्ही एनआयओएस घेतलं.

ही संस्था १९८९ मध्ये सुरू झाली आणि केंद्र सरकारची आहे. दहावीला पाच विषय, त्यात एक किंवा दोन भाषा, वर आणखी दोन विषय घेता येतात. मराठी ही भाषा आहे, कोड २०४. गणित २११, विज्ञान २१२. गणित सक्तीचं नाही, विज्ञानही नाही. अर्थशास्त्र, गृहविज्ञान, मानसशास्त्र, भारतीय संस्कृती आणि वारसा, चित्रकला, डेटा एंट्री असे पर्याय आहेत. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के. नोंदणी पाच वर्षं टिकते आणि त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, म्हणजे सगळे विषय एकदम द्यायची गरज नाही. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोन परीक्षा, शिवाय मागणीनुसार परीक्षेचीही सोय आहे. टीएमए नावाचा घरून लिहून द्यायचा स्वाध्याय असतो, त्याला २० टक्के वजन. पुस्तकं दिसायला रूक्ष आहेत, पण शिक्षक समोर नाही हे गृहीत धरून लिहिलेली. धड्याच्या मध्येमध्ये प्रश्न आणि धड्याच्या शेवटी त्यांची उत्तरं. लेकीला ती पद्धत फार सोयीची वाटली.

विषयांची यादी टेबलावर ठेवली आणि आम्ही दोघं गप्प बसायचं ठरवलं. तिने पेन्सिलीने मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान यांवर खुणा केल्या आणि पाचव्यापाशी अडली. तिच्या बाबांना सामाजिक शास्त्र हवं होतं, कारण पुढे कुठल्याही स्पर्धा परीक्षेला ते लागतं. तिला भारतीय संस्कृती आणि वारसा हवा होता. "बाबा, सामाजिक शास्त्राचं मी तसंही वाचणार आहे, त्याची परीक्षा कशाला?" ती म्हणाली. हे वाक्य मला अजून पटतं. जे आपण आपणहून वाचणारच आहोत त्याला परीक्षेचा टेकू लागत नाही. तिने वारसा घेतला आणि सहावा विषय म्हणून चित्रकला. दुसऱ्या एका घरातल्या मुलाने गणित-विज्ञान दोन्ही सोडून गृहविज्ञान, व्यवसाय अध्ययन आणि डेटा एंट्री घेतली. तो मन लावून स्वयंपाक करणारा मुलगा आहे, त्याला हॉटेल व्यवसायात जायचंय. त्याला ते योग्यच होतं. पण चौदाव्या वर्षी कुठे जायचं हे ठरलं नसेल, तर गणित सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दहावीला गणित-विज्ञान नसेल तर अकरावी विज्ञानाचं दार बंद होऊ शकतं, आणि ते पुन्हा उघडायला पुष्कळ खटपट करावी लागते.

बारावीला मात्र उलट्या बाजूने चालावं लागतं. तिथे मुलाला काय आवडतं एवढ्यावर भागत नाही, पुढचं दार काय मागतंय ते आधी वाचावं लागतं. अभियांत्रिकीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. वैद्यकीयचं तर मोठं रामायण झालं. १९९७ च्या नियमामुळे मुक्त शाळेतून बारावी झालेल्या मुलांना त्या वाटेने जाता येत नव्हतं. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांच्या पात्रतेवर शिक्कामोर्तब झालं. मधल्या वर्षांत ज्या मुलांची उमेद त्या एका अटीपायी गेली त्यांचं काय झालं असेल, हा विचार मला छळतो. म्हणून सांगते, पात्रतेचे नियम कुणाच्या तोंडून ऐकू नका. ज्या अभ्यासक्रमाला जायचंय त्याची माहितीपुस्तिका मुलासोबत बसून, मुलाच्या बोटाने ओळ दाखवत वाचा. आमच्या लेकीला भूगर्भशास्त्राकडे जायचंय. त्या पदवीला बारावी विज्ञान लागतं हे तिने स्वतः वाचलं आणि ज्या रसायनशास्त्राशी तिचं जमत नव्हतं ते तिने न सांगता हातात घेतलं. प्रयोगांसाठी अभ्यासकेंद्रावर जावं लागतं, आणि घरी शिकण्यातली खरी उणीव मला तिथे जाणवते. स्वयंपाकघरात पुष्कळ रसायनशास्त्र असतं हे खरं, पण ब्यूरेट नसतो. प्रयोगशाळेत उभं राहून हाताला वळण लागावं लागतं आणि त्याची तजवीज आधीपासून करायला हवी. एखाद्या महाविद्यालयातल्या ओळखीच्या प्राध्यापकांना सुट्टीत विचारायला लाजू नका. आम्हाला नाही म्हणणारे भेटले तसे या म्हणणारेही भेटले.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी. हे सगळं तेव्हाच जमतं जेव्हा घरातलं एक माणूस दिवसाचे काही तास मोकळं असतं. पुस्तकं फुकट आहेत, माणूस फुकट नाही. जिथे आईवडील दोघंही सकाळी कामावर जातात तिथे चांगली शाळा हाच चांगला निर्णय आहे, आणि होमस्कूलिंग करणाऱ्यांनी त्या घरांकडे वरून पाहू नये.

आता धाकटा तेरा वर्षांचा आहे. ताईसारखा तो कागदावर रमत नाही. त्याने जुन्या सायकलच्या चाकापासून शेंगा फोडायचं यंत्र केलं, ते नीट चालेना, मग दातांची संख्या बदलली, आणि गुणोत्तर-प्रमाण त्याला तिथे कळलं. त्याचा डोळा पाबळवर आहे. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथला मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रम आहे. वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, अन्नप्रक्रिया, सगळं हाताने करत शिकायचं, आणि त्याला एनआयओएसची मान्यता आहे. आठवीपर्यंत शिकलेल्या मुलांनाही तिथे वाव असतो. आम्ही जाऊन पाहिलं तेव्हा त्याच्याहून थोडीच मोठी मुलं शेडच्या लोखंडी कैच्या जोडत होती. परत येताना गाडीत तो बराच वेळ बोलत होता, जे सहसा होत नाही.

त्याचं म्हणणं, आधी पाबळ आणि दहावी नंतर. त्याच्या बाबांचं म्हणणं, आधी दहावी. त्यावर घरात बरीच चर्चा झाली, सासूबाईही त्यात होत्या. शेवटी असं ठरतंय की राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची आठवीची परीक्षा आधी द्यायची, म्हणजे हातात एक कागद राहील. चौदा पूर्ण झाले की एनआयओएसमध्ये पाच विषयांची नोंदणी करायची आणि पहिल्या खेपेला फक्त मराठी आणि गणित द्यायचं. मग वर्षभर पाबळ. उरलेले तीन विषय परत आल्यावर, नोंदणीच्या मुदतीत सवडीने. त्यातलं विज्ञान नक्की आहे, बाकीचे दोन कोणते ते त्याने अजून सांगितलेलं नाही. यादी त्याच्याकडे देऊन ठेवली आहे.